‘नीस’ या शेवटाची कुळकथा

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, माण नदीच्या कांठीं म्हसवड हें गांव आहे. सिद्धनाथाचें देऊळ आणि मार्गशीर्षांतील रथाची यात्रा यांमुळें भाविकांस तें ठाऊक असतें. इतिहासाच्या वाचकास तें ठाऊक असतें माने देशमुखांचें गांव म्हणून. इ. स. १६९७ च्या जून महिन्यांत संताजी घोरपडे या नामांकित सेनापतीचा शेवट शंभुमहादेवाच्या डोंगरांत झाला, तो याच म्हसवडच्या नागोजी मान्यांच्या हातून. संताजीनें नागोजीच्या एका आप्तास हत्तीच्या पायीं दिलें होतें, त्याचा हा सूड, असें सांगतात. त्या वेळीं औरंगजेब बादशहाचा तळ भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस पडलेला होता. म्हसवडवरून वाहत जाणारी माण नदी ज्या भीमेस मिळते, त्याच भीमेच्या खालच्या अंगास हा तळ १६९५ पासून १६९९ पर्यंत राहिला, आणि बादशहानें त्या जागेचें नांवही बदलून इस्लामपुरी असें ठेविलें. संताजीचें शिर तेथें पोहोंचविण्यांत आलें, असें मोगलांचा इतिहासकार खाफीखान सांगतो.

परंतु अशा छावणींत शिरांहूनही अधिक नेमानें पोहोंचणारी एक वस्तु होती, आणि ती म्हणजे लिहिलेला कागद. मोगल बादशाहींत बातमी लिहिणारांची एक मोठी यंत्रणाच होती. सुभ्यांतील उघड हकीकत लिहून पाठविणारा तो वाकिआनवीस. त्याच्या नकळत त्याच सुभ्यांतून गुप्त हकीकत लिहिणारा तो खुफियानवीस. यांशिवाय हरकारे निराळे. एकाचें लिहिणें दुसऱ्याच्या लिहिण्याशीं ताडून पाहावयाचें, म्हणजे सुभेदारास बादशहाच्या डोळ्यांत धूळ टाकतां येऊं नये, हा त्यांतील हेतु. दरबारच्या रोजच्या घडामोडींचे असे अखबार जयपूरच्या दप्तरांत मोठ्या संख्येनें जपले गेले. कांहीं कर्नल टॉडनें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीस दिले. जदुनाथ सरकारांनीं औरंगजेबाचा इतिहास लिहिला, तो अशा कागदांचा मोठा आधार घेऊन. ज्याच्या फार्शी आठवणींवरून दक्षिणेंतील या मोहिमांची माहिती मिळते, तो भीमसेन सक्सेना हाही मोगली चाकरींतला लेखणीचाच माणूस. तलवार चालविणारा म्हसवडचा असो वा कापशीचा, त्याची गोष्ट आज कळते ती कोणा एका ‘नविसा’मुळें.

‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फार्शींत ‘नविश्तन्’ म्हणजे लिहिणें. त्या धातूचें हें रूप दुसऱ्या शब्दाच्या शेवटीं जोडलें कीं अमुक गोष्ट लिहिणारा असा अर्थ होतो. उत्तरेकडे हा शब्द धडधाकट राहिला. पंजाबांत कचेरीच्या आवारांत बसून अर्ज लिहून देणारा तो अर्जीनवीस, आणि सुंदर अक्षर काढणारा तो खुशनवीस. मराठींत मात्र तो अंग आकसून ‘नीस’ झाला आणि फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, जमेनीस, पारसनीस, खासनीस, पागनीस, कोटणीस, टिपणीस, वाकनीस, सुरनीस अशी भलीमोठी जमात मागें ठेवून गेला. यांपैकीं बहुतेक नांवें आज पुण्यामुंबईंतील दारांवरच्या पाट्यांवर दिसतात. त्या नांवांमागें कोणतें काम होतें, हें मात्र पुष्कळदां पाटी लावणाऱ्या घरासही सांगतां येत नाहीं. शब्द जिवंत आणि अर्थ मेलेला, अशी ही चमत्कारिक अवस्था आहे.

हे शब्द मराठींत कोणत्या वाटेनें आले, हें पाहावयाचें तर माणदेशाचाच नकाशा डोळ्यांसमोर आणावा. गांवांत पाटील आणि कुळकर्णी. यांतील कुळकर्णी हा शब्द देशी वळणाचा. ‘करण’ म्हणजे लेख, दस्तऐवज. यादवांच्या काळीं हेमाद्रि, म्हणजे आपला हेमाडपंत, हा ‘श्रीकरणाधिप’ म्हणवीत असे. राज्याच्या लेखनखात्याचा तो मुख्य. गांवाच्या वर परगणा. तेथें देशमुख आणि देशपांडे. म्हसवडास मान्यांची देशमुखी. हे शब्दही आपलेच. पण येथून पुढें महिमानगडाची किंवा वारूगडाची चढण चढूं लागलें कीं बोली बदलते. शिवकालीन रिवाजाप्रमाणें गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखाननीस असावयाचे. आणि गड ओलांडून राजधानीस पोहोंचलें कीं पेशवे, मुजुमदार, डबीर, सुरनीस, वाकनीस. पायरी जितकी उंच, तितके शब्द अधिक फार्शी.

याचें कारण उघड आहे. राजवटी आल्या आणि गेल्या. शेतसारा वसूल करणारा पाटील आणि त्याचा हिशेब ठेवणारा कुळकर्णी यांच्यावांचून कोणाचेंच चाललें नाहीं. म्हणून गांवचे शब्द टिकले. गड आणि दरबार हीं राज्यकर्त्याबरोबर बदलणारीं स्थळें; तेथें राज्यकर्त्याची भाषा बसली. परंतु त्या भाषेंतील हुद्दे चालविणारी माणसें पुष्कळशीं याच मातींतलीं होतीं. १५३४ सालीं विजापूरच्या गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिम आदिलशहानें हिशेबाचें काम फार्शींतून काढून देशी भाषेंत आणलें आणि तें ब्राह्मण कारकुनांकडे सोंपविलें, असें फिरिस्ता लिहितो. हुद्द्याचें नांव फार्शी, तो चालविणारा मराठी, आणि कागदावरची लिपि मोडी. अशा त्रिवेणींत ‘नवीस’ सांपडला, आणि मराठी जिभेनें त्यावर आपलें काम सुरू केलें.

तें काम मोठें मौजेचें आहे. दोन स्वरांमधला ‘व’ मराठी बोलणाऱ्यानें गिळून टाकला. ‘नवीस’चा ‘नईस’ आणि ‘नईस’चा ‘नीस’ झाला. मग या ‘नीस’नें शेजारधर्म पाळावयास आरंभ केला. ज्या शब्दाच्या शेवटीं ट किंवा ड आहे, त्याच्या संगतीनें ‘न’चा ‘ण’ झाला: चिटणीस, फडणीस, कोटणीस. जेथें शेजार त, ब, क, ग, स अशा अक्षरांचा, तेथें ‘न’ सरळ राहिला: पोतनीस, सबनीस, वाकनीस, पागनीस, पारसनीस. आणि जेथें दोन ‘न’ समोरासमोर आले, तेथें एकानें माघार घेतली. ‘कारखाननीस’चा कारखानीस झाला. ‘टिपण’ आणि ‘नीस’ मिळून टिपणीस झाला, तोही तसाच. हा नियम कोणी व्याकरणकारानें घालून दिलेला नाहीं. हजारों तोंडांनीं शेंदीडशें वर्षें उच्चारून उच्चारून तो पाडला आहे.

चिटणीस या शब्दाकडे तर विशेष लक्ष द्यावयास पाहिजे. त्यांतील पहिला भाग आपली चिठी. फार्शी शेपूट देशी शब्दास जोडलें गेलें, तेव्हांच तें परकें राहिलें नाहीं असें समजावें. उसनें आणलेलें भांडें घरच्या चुलीवर चढलें कीं तें परत जात नाहीं. टिपणीसाची कथाही हीच. फडणीस शब्दाविषयीं मात्र दोन मतें आहेत. फार्शी ‘फर्द’, म्हणजे यादीचा किंवा हिशेबाचा सुटा कागद, तो लिहिणारा फर्दनवीस, अशी एक व्युत्पत्ति. दुसरी ‘फड’ या आपल्या शब्दाकडे बोट दाखविते. फड म्हणजे कारकुनांची कचेरी, आणि पुण्यास पेशव्यांच्या कचेरीस हुजूर फड असेंच म्हणत. पहिली व्युत्पत्ति अधिक सयुक्तिक दिसते. पण ‘फर्द’चा ‘फड’ इतक्या सहजपणें झाला, याचें श्रेय दुसऱ्या शब्दास दिलें पाहिजे. ओळखीचा शब्द शेजारीं उभा असला म्हणजे अनोळखी शब्द त्याच्यासारखा दिसूं लागतो.

१६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला आणि या साऱ्या शब्दांवर गंडांतर आलें. शिवाजीमहाराजांनीं प्रधानांचीं फार्शी नांवें बदलून संस्कृत नांवें दिलीं. पेशव्यांस मुख्य प्रधान म्हणावें. मुजुमदारांस अमात्य, डबिरांस सुमंत, सरनोबतांस सेनापति. आपल्या ‘नीस’ कुळांतील दोघे या यादींत होते. राजाचें खासगी, त्याची रोजची दिनचर्या, भेटीगांठी, भोजनाचीं आमंत्रणें यांची नोंद ठेवणारा वाकनीस तो मंत्री झाला. निघणारीं राजपत्रें तपासून, त्यांतील मजकूर दुरुस्त करून त्यांवर खूण करणारा सुरनीस तो सचिव झाला. एवढ्यावर काम थांबलें नाहीं. रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश सिद्ध करविला. दहा वर्गांत मिळून सुमारें १,४०० शब्द. राजवाड्यापासून शस्त्रागारापर्यंत आणि दप्तरापासून भाजीबाजारापर्यंत रूढ असलेल्या फार्शी-दख्खनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिलेले. राजाज्ञेनें भाषा घडविण्याचा इतका पद्धतशीर यत्न त्या काळच्या हिंदुस्थानांत दुर्मिळच म्हटला पाहिजे.

त्याचें फळ काय झालें? एका बाजूनें पाहिलें तर फार मोठें झालें. राजवाड्यांनीं जुन्या पत्रांतील शब्दांची मोजदाद केली आहे. १६२८ सालच्या एका पत्रांत शंभरीं सुमारें पंच्याऐंशी शब्द फार्शी आहेत. शंभर वर्षांनीं, १७२८ च्या पत्रांत, तें प्रमाण सहासातांवर आलेलें दिसतें. हा पालट सर्वस्वीं कोशाचा नव्हे, स्वराज्याचाही आहे. पण हुद्द्यांच्या नांवांकडे वळलें कीं चित्र निराळें. महाराजांच्या मागून कांहीं वर्षांनीं, जिंजीस बसून कृष्णाजी अनंत सभासदानें बखर लिहिली. त्या राज्याभिषेकाचें वर्णन करतांना तो जुनें नांव आधीं सांगतो आणि नवें नंतर. सुरनीस म्हटल्यावांचून सचिव कोण, हें वाचणाऱ्यास कळेल असा भरंवसा त्यास वाटला नसावा. पुढें अष्टप्रधानांचीं संस्कृत नांवें वतनांसारखीं वंशांत राहिलीं. भोरचे राजे १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत पंतसचिव हें बिरुद लावीत असत. पण दप्तरांत बसून रोज बोरू झिजविणारा जो वर्ग होता, त्यास नवीं नांवें चिकटलींच नाहींत. तो ‘नीस’ होता, तो ‘नीस’च राहिला.

याचीं कारणें शोधतांना शुद्धाशुद्धतेच्या वादांत फारसें शिरूं नये. राजानें बदललेलीं नांवें होतीं आठांचीं. आणि ‘नीस’ होते गडोगडीं, परगण्यापरगण्यांस. शिवाय हुद्दा हा केवळ शब्द नव्हता. ती मिळकत होती. बापाची चिटणिशी मुलाकडे, मुलाची नातवाकडे. सनदेंत जें नांव, तेंच वतनाचें नांव. तें बदललें तर उद्यां भाऊबंद उभा राहून तुझी सनद कोठें आहे असें विचारणार. शब्दाच्या पोटांत घरची भाकरी असली म्हणजे तो सहजासहजीं मरत नाहीं.

आतां या मंडळींच्या हातांत नेमकें होतें काय? तर पुष्कळ होतें, आणि तें बहुधा दुसऱ्याचा हात धरण्याचें होतें. सभासदानें गडांची व्यवस्था सांगितली आहे. किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराकडे. हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे. दाणागोटा, दारूगोळा आणि इतर सामुग्री कारखाननिसाकडे. ही माणसें मुद्दाम निरनिराळ्या जातींचीं नेमलेलीं. एकाच्या मनांत फितुरी आली तरी दुसऱ्याच्या वहींत ती सांपडावी, असा हा बंदोबस्त. पेशवाईंत हीच कल्पना दरखदारांच्या रूपानें पुढें आली. सुभ्याच्या ठिकाणीं मामलेदारावर नजर ठेवण्यासाठीं आठ दरखदार असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस. आठांपैकीं पांच ‘नीस’ आहेत, हें येथें ध्यानांत घ्यावें. यांस नेमणूक हुजुरांतून. मामलेदारास त्यांना परस्पर काढतां येत नसे. रोजकीर्द फडणिसानें लिहावयाची, पत्रव्यवहार चिटणिसाचा, रोकड पोतनिसाच्या हातीं. एकट्या मामलेदाराच्या सहीनें कागद पुरा होत नसे. मोगलांनीं जें काम छुप्या बातमीनें साधूं पाहिलें, तें येथें उघड वहीनें साधावयाचें होतें. पुढें दुसऱ्या बाजीरावानें मामलती मक्त्यानें द्यावयास आरंभ केला आणि ही वही निकामी झाली. रयतेचे हाल त्यानंतर कसे झाले, हें सर्वश्रुत आहे.

चिटणीस म्हटल्याबरोबर बाळाजी आवजींचें नांव पुढें येतें. महाराजांनीं एक पत्र लिहावयास सांगितलें. तें लिहावयास सवड झाली नाहीं. विचारतांच बाळाजींनीं कोरा कागद हातांत धरून सगळें पत्र वाचून दाखविलें, ही दंतकथा महाराष्ट्रांतील मुलांसही माहीत आहे. ती खरी असो वा नसो, चिटणिसाच्या अंगीं काय असावें लागे, तें तींत नेमकें आलें आहे: धन्याच्या मनांतील वाक्य धन्याच्या आधीं जुळविणें. या जवळिकीची किंमतही तशीच भारी. १६८१ मध्यें संभाजीमहाराजांविरुद्ध झालेल्या कटाचा संशय येऊन बाळाजी हत्तीच्या पायीं मारले गेले. त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांनीं तरीही गादीची चाकरी सोडली नाहीं. राजाराममहाराजांस जिंजीच्या वेढ्यांतून सोडविण्यासाठीं त्यांनीं आपलें वतन शिर्क्यांस देऊं केलें, असें सांगतात. याच घराण्यांतील मल्हार रामराव चिटणिसांनीं साताऱ्यास बसून, १८१० च्या सुमारास, शिवछत्रपतींची बखर लिहिली. चिटणिशी तोंवर नांवापुरती उरली होती. लेखणी मात्र घरांत होती.

फडणिसांची कथा याहून निराळी. नाना फडणिसांचें मूळ आडनांव भानू, गांव कोंकणांतील वेळास. आजोबा बाळाजी महादजी भानू हे बाळाजी विश्वनाथांबरोबर १७१९ सालीं दिल्लीस गेले आणि तेथील दंग्यांत, पेशवे समजून, मारले गेले. घराण्यास लाभलेली फडणिशी पुढें त्याच्या नांवाचाच भाग झाली. नानांचा जन्म १७४२ सालीं साताऱ्याचा. पानपतापर्यंतचें आपलें आयुष्य त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. ‘नीस’ कुळांतल्यानें स्वतःविषयीं लिहावें, हें त्या काळीं विरळाच. दर्जानें पाहिलें तर फडणीस हा मुजुमदाराच्या हाताखालचा. पण ज्याच्या वहींतून प्रत्येक सरंजामाचा, प्रत्येक फौजेचा आणि प्रत्येक कर्जाचा आकडा जातो, त्यास दरबारांत अखेरीस कोण विचारल्यावांचून राहील? १७७४ च्या बारभाईपासून १८०० सालीं मृत्यु येईपर्यंत मराठी राज्याचा कारभार बहुतांशीं या हिशेबनिसाच्या हातीं होता. त्यांच्या वेळीं हुजूर फडांत दोनशेंहून अधिक कारकून काम करीत. साताऱ्यास रेसिडेंट असलेला ग्रँट डफ १८२६ च्या आपल्या इतिहासांत त्यांचें नांव ‘फर्नवीस’ अशा धाटणीनें लिहितो. मराठी तोंडानें पुसून टाकलेला ‘नवीस’ इंग्रजी कानानें पुन्हा उभा केला, ही गंमतच.

वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या कांठीं नानांचा वाडा आणि घाट आहेत. त्या वाड्यांतील कागदांचें दप्तर पुढें साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं मिळविलें. पारसनीस म्हणजे फार्शी पत्रव्यवहार लिहिणारा. १८७० सालीं जन्मलेल्या आणि १९२६ मध्यें वारलेल्या या गृहस्थानें आयुष्य जुने कागद गोळा करण्यांत वेंचलें. त्यांचा संग्रह नंतर पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. एका ‘नीस’चें दप्तर दुसऱ्या ‘नीस’नें वांचविलें. पुण्याच्या पेशवे दप्तरांत जे हजारों रुमाल बांधून ठेविले आहेत, आणि ज्यांतून रियासतकार सरदेसायांनीं १९३० नंतर ४५ खंड निवडून काढले, ते तरी कोणाचे? त्याच बोरूवाल्यांचे.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लिहिणारा जेथें असतो तेथें न लिहितां येणाराही असतो, आणि वहींतील आंकडा त्याच्या डोक्यावर बसतो. माणच्या शेजारीं खटाव तालुक्यांत कटगुण म्हणून गांव आहे. जोतीराव फुल्यांचें घराणें मूळचें तेथलें. त्यांच्या पणजोबांचें गांवच्या कुळकर्ण्याशीं वैर पडलें आणि त्यापायीं त्यांस गांव सोडावा लागला, असें चरित्रकार सांगतात. पुढें १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांना फुल्यांनीं कारकुनांच्या लेखणीवर जो प्रहार केला, त्याच्या मागें एकट्या इंग्रजी कचेरीचा अनुभव नव्हता. शिरानें जें केलें नाहीं, तें पुष्कळदां एका खोट्या ओळीनें केलें आहे. ‘नीस’ कुळाचा गौरव गातांना हें विसरलें तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखा होतो.

१८१८ सालीं पेशवाई गेली, १८४८ मध्यें साताऱ्याचें राज्य खालसा झालें. सबनिसास हजेरी घ्यावयास शिबंदी उरली नाहीं, पागनिसास मोजावयास पागेंत घोडे उरले नाहींत. वाकनीस आणि सुरनीस तर हुद्दे म्हणून केव्हांच लोपले होते. गांवचीं वतनें याहून अधिक काळ तगलीं. परगणा व कुळकर्णी वतनें मुंबई राज्यानें १९५० च्या कायद्यानें रद्द केलीं, आणि देशमुख, देशपांडे, कुळकर्णी हेही मग नुसतीं आडनांवें होऊन ‘नीस’ मंडळींच्या पंक्तीस येऊन बसले. इंग्रजी अमदानींत एकटा चिटणीस तेवढा कलेक्टर कचेरींत टिकून राहिला. बाकीच्यांचें हुद्द्याशीं असलेलें नातें तुटलें आणि नांव मोकळें झालें. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ बोलपटांत तुकोबांची भूमिका करून घरोघर पोहोंचलेले विष्णुपंत पागनीस, यांच्या नांवांत एक घोड्यांची पागा दडली आहे, हें कोणाच्या ध्यानांत आलें असेल? सोलापुरांत १९१० सालीं जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस चीनमध्यें जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत असतां १९४२ सालीं तेथेंच वारले. चिनी लोकांनीं त्यांस ‘के दीह्वा’ असें नांव दिलें. कोटणिसांतील ‘को’ तेवढा कसाबसा उरला. ‘नीस’ हिमालयापलीकडे गेला नाहीं.

विसाव्या शतकांत भाषाशुद्धीची चळवळ झाली, तेव्हां फार्शी शब्दांवर पुन्हा एकवार मोहीम निघाली. सावरकर तिचे अग्रणी. आणि ज्यांनीं १९२५ सालीं फार्शी-मराठी कोश रचला, ते माधवराव पटवर्धन, म्हणजे कवि माधव जूलियन, हेही नंतर त्याच बाजूस गेले. राजव्यवहारकोशाहून या वेळीं साधनें मोठीं होतीं: वर्तमानपत्रें, शाळा, छापखाने. पुष्कळ नवे शब्द रूढ झाले आणि ते चांगलेही आहेत. ‘नीस’ कुळाशीं गांठ पडली तेथें मात्र निकाल जुनाच लागला. १६७४ सालीं सुरनिसाच्या जागीं आणलेला ‘सचिव’ आज मंत्रालयांत बसतो, म्हणजे रायगडावरची आज्ञा तीनशें वर्षांनीं पूर्ण अमलांत आली. पण राजकीय पक्षाचा किंवा कामगार संघाचा कागद उघडावा, तर त्याच्या खालीं सही असते सरचिटणिसाची. ‘सर’ फार्शी, ‘चिठी’ देशी, ‘नीस’ फार्शी. तिन्ही तुकडे एका शब्दांत इतके मिसळले आहेत कीं शुद्धीच्या कट्टर अभिमान्यासही आपल्या संस्थेचा सरचिटणीस निवडून देतांना कांहीं खटकत नाहीं.

याच कुळांतील एक शब्द हुद्दाही झाला नाहीं आणि आडनांवही झाला नाहीं. म्हणून तो बहुधा या यादींत कोणी धरीत नाहीं. ‘रोज’ म्हणजे दिवस, आणि ‘नवीसी’ म्हणजे लिहिणें. पेशव्यांच्या दप्तरांत दिवसाच्या नोंदींची वही ती रोजनिशी. तिला ‘दैनंदिनी’ असा प्रतिशब्द मिळाला, आणि नव्या वर्षाच्या आरंभीं कागदवाल्याच्या दुकानांत पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत तो छापलेलाही असतो. घरीं नेल्यावर तिच्यांत दूधवाल्याचा हिशेब, पाहुण्यांच्या आल्यागेल्याच्या तारखा आणि मुलांच्या शाळेच्या फीचे आंकडे पडतात, आणि ती सांपडेनाशी झाली म्हणजे घरांतून हांक येते, ‘अहो, माझी रोजनिशी कोठें ठेवली?’